सदतीस दुबार फाइली

मी बेल वाजवली की दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे बघतो. पाठीवर बॅग घेतलेला कोणी पुरुष जिन्यात धापा टाकत येतोय का, ते बघतो. मग मला विचारतो, कॉम्प्युटरवाले येतायत ना? मी म्हणते, आलेत, चपला कुठे काढू? मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर आणि अगदीच नाइलाज झाला तर बोरिवली, एवढ्या भागात मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त केले आणि एकमेकांना जोडून दिले. आता गुडघे तीन मजले चढू देत नाहीत म्हणून थांबलेय. ती मागे बघणारी नजर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तशीच होती. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा, नंतर मी तेवढ्या वेळात चपला नीट लावून ठेवायला शिकले.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर काम साधं आहे. घरात कॉम्प्युटर तीन असतात आणि प्रिंटर एकच, तोही हॉलमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली. आतल्या खोलीतल्या मुलीला एक पान छापायचं असलं तर ती पेनड्राइव्ह घेऊन बाहेर येते, बातम्या वाचत बसलेल्या बाबांना उठवते, बाबा चिडतात, आणि मग मला फोन येतो. सगळी यंत्रं आधीच एका वायफायवर असतात, त्यांची फक्त एकमेकांशी ओळख नसते. हॉलमधल्या कॉम्प्युटरला मी सांगते, तुझा प्रिंटर घरच्यांना वापरू दे. आतल्याला सांगते, तुझं हे फोल्डर बाहेरून दिसू दे. अर्ध्या तासाचं काम. उरलेला दीड तास चहात आणि "आमचा मोबाइल पण जरा बघा ना" यात जातो.

गंमत पुढे असते. बोरिवलीला एका मुलीच्या आईने तिचा लग्नाचा बायोडेटा बनवला होता. मुलीने तो गुपचूप दुरुस्त केला आणि अपेक्षांमध्ये घातलं, मुलाला रोजचा स्वयंपाक यायला हवा. आतल्या खोलीतून प्रिंट दिली. काही आलं नाही. पुन्हा दिली. हॉलमधला कॉम्प्युटर बंद होता, तो चालू असल्याशिवाय प्रिंटर ऐकत नाही, हे मी सांगितलेलं ती विसरली होती. प्रत्येक प्रिंट तिच्या मशीनमध्ये रांग लावून उभी होती. संध्याकाळी बाबांनी हॉलमधलं बटण दाबलं आणि घरात पाहुणे बसलेले असताना सव्वीस बायोडेटा एकामागून एक बाहेर आले. मला आईचा फोन आला, तुमचा प्रिंटर बिघडलाय. मी म्हटलं, प्रिंटर झकास आहे, मुलीशी बोला.

पण लोकांना सगळ्यात जास्त काय कळत नाही माहीत आहे का? शेअरिंग म्हणजे कॉपी नव्हे. शेजारच्या स्वयंपाकघराकडे उघडणारी खिडकी असावी तसं आहे ते. खिडकीतून तुम्हाला डाळीचं पातेलं दिसतं म्हणून पातेली दोन होत नाहीत. आणि हात घालून तुम्ही ते कलंडलंत तर शेजारणीची डाळ सांडते. हे मी प्रत्येक घरात सांगायचे. सगळे मान डोलवायचे. मीही समाधानाने घरी जायचे.

त्यात माझी एक वाईट सवय होती. फोल्डर शेअर करताना कॉम्प्युटर विचारतो, बाहेरच्याला नुसतं बघू द्यायचं की बदलू-पुसू पण द्यायचं? धंद्याच्या सुरुवातीला मी हे नीट लावायचे, पासवर्डही घालायचे. मग दर आठवड्याला फोन. ताई, फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. ताई, पासवर्ड काय होता? कंटाळून मी सगळ्यांना सगळे हक्क देऊन मोकळी व्हायला लागले. माझी आई मालवणची. कपाटाला कधी किल्ली लावायची नाही. घरातलीच माणसां, कुलूप कित्याक, म्हणायची. मी तेच धंद्यात आणलं आणि वर ग्राहकांना तेच शहाणपण म्हणून ऐकवलं. कांजूरला त्याने माझी पुरती वाट लावली.

कांजूरमार्गला प्रज्ञा नावाची मुलगी राहते. तेव्हा ती पीएचडी करत होती. कचरा वेचणाऱ्या, डम्पिंगवर काम करून घर चालवणाऱ्या बायकांशी ती बोलत होती आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत होती. सदतीस बायका. काही जणी नंतर गावी निघून गेल्या, चौघी वारल्या. हे इंटरनेटवर कुठेही चढवणार नाही, असं तिने प्रत्येकीला वचन दिलं होतं, म्हणून सगळं तिच्या आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरच. नवरा पवईच्या एका ऑफिसात पाळीने काम करतो, दुपारी आत झोपतो. त्या वेळात प्रज्ञाला हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसून आतलं फोल्डर उघडता यावं आणि छापताही यावं, म्हणून मी त्यांच्याकडे शेअरिंग करून दिलं होतं. तेव्हा तिने विचारलं होतं, ताई, पासवर्ड ठेवायचा का? मी म्हटलं, घरात आहे कोण, आबाच तर आहेत.

आबा म्हणजे तिचे सासरे. विदर्भातल्या एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर मुलाकडे आलेले. घरातही शर्टाचं वरचं बटण लावून बसायचे. मला "बाई" म्हणायचे आणि चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत.

एका शुक्रवारी दुपारी प्रज्ञाचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मलाच भीती वाटली.

"ताई, माझं फोल्डर रिकामं आहे."

मी विचारलं, कॉम्प्युटर चालू आहे? हो म्हणाली, शोधतेय. मी ओरडलेच तिच्यावर. म्हटलं, काही शोधू नकोस, काही उघडू नकोस, बंदसुद्धा नीट करू नकोस, भिंतीतली वायर ओढ. कारण असं असतं, फाइल पुसली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. कॉम्प्युटर फक्त यादीतून तिचं नाव खोडतो आणि ती जागा मोकळी समजतो. मग जे काही नवं येईल ते त्या जागेवर जाऊन बसतं. तुम्ही जितकं शोधाल, चालू-बंद कराल, तितकं आपल्याच हाताने जुन्यावर नवं लिहीत जाता. तिने वायर ओढली. मी रिक्षा केली.

घरात पोचले तर ती पलंगाच्या कडेला बसली होती, आणि आबा हॉलमध्ये ताठ, खुर्चीला पाठ न टेकता. नवरा दोघांच्या मधल्या दारात उभा. पुढच्या गुरुवारी प्रबंध द्यायचा होता आणि सोबत मूळ रेकॉर्डिंग जोडायची होती, त्याशिवाय ते घेणार नव्हते. प्रकरणं लिहून मार्गदर्शक बाईंकडे गेलेली होती, पण मूळ आवाज दुसरीकडे कुठेच नव्हते. निम्म्या बायकांचं बोलणं तर अजून कागदावर उतरवायचंही होतं.

मी काही विचारायच्या आत आबा उभे राहिले आणि साहेबासमोर जबाब द्यावा तसं म्हणाले, "मी केलं. दुबार होतं म्हणून नष्ट केलं."

झालं होतं ते असं. हॉलमधल्या कॉम्प्युटरची डिस्क मुलाच्या सिनेमांनी भरली होती आणि जागा संपल्याची सूचना रोज येत होती. आबांनी आयुष्यभर कचेरीत सहा गठ्ठे पद्धतीने काम केलेलं. म्हणजे टेबलावरच्या प्रत्येक कागदाची सहांपैकी एका गठ्ठ्यात रवानगी करायची, आणि त्यातला एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. दुबार प्रत नेहमी त्या गठ्ठ्यात. त्यांनी हॉलमध्ये बसून पाहिलं तर प्रज्ञाच्या सदतीस फाइली इथेही दिसतात. तिच्याकडेही आहेत. म्हणजे इथल्या दुबार. कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं पुसू का? त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि होय म्हटलं. नेटवर्कवरून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, ना या मशीनच्या ना त्या मशीनच्या. थेट जातं. ते ज्याला प्रत समजत होते तीच एकमेव होती.

मी प्रज्ञाच्या कॉम्प्युटरची बाजू उघडली आणि आतली डिस्क बघून खाली बसले. जुनी, फिरणारी, कुरकुरणारी डिस्क. शेअरिंग करून दिलं तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, नवीन घाल गं, पाचपट वेगाने चालेल. ती आज-उद्या करत राहिली. नव्या डिस्का पुसलेली जागा मागाहून स्वतःच साफ करून टाकतात, मग देवालासुद्धा काही सापडत नाही. तिने माझं ऐकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. आपला सल्ला कोणी मानला नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

डिस्क काढून मी मुलुंडला माझ्या घरी आणली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून शोध लावला. पडद्यावर टक्के सरकत होते आणि मला दिसत होती ती आठ महिन्यांपूर्वी शेअरिंग करताना मी केलेली खूण. सगळ्यांना सगळे हक्क. आबांना नुसतं बघायचा हक्क दिला असता तर त्यांनी कितीही वेळा होय म्हटलं असतं तरी मशीनने ऐकलं नसतं. हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सगळे आबांकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता, आणि खोटं कशाला सांगू, त्या रात्री झोपताना मी गप्प राहायचंच ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी आवाजाच्या फाइली मिळाल्या, अकराशेच्या वर. आनंद दोन मिनिटं टिकला. नावं गेली होती, तारखा गेल्या होत्या, प्रत्येकीला नुसता नंबर. त्यात गाणी, रिंगटोन, मैत्रिणींचे निरोप, लग्नाच्या वराती, जुनंपानं सगळं. त्यातून सदतीस शोधायच्या. तरी सगळं एका नव्या डिस्कवर घेऊन मी कांजूरला गेले आणि प्रज्ञाला स्पष्ट सांगितलं, आहे यातच, पण गुरुवारपर्यंत ऐकून संपणार नाही. ती मान खाली घालून हो म्हणाली. तोपर्यंत ती आबांशी बोलणं बंद करून बसली होती. भांडण नाही, आदळआपट नाही. काही सांगायचं असलं की नवऱ्याला, आणि तो नसला की मला, "त्यांना सांगा चहा झालाय." आबाही मग मलाच, "तिला सांगा नको."

आबांनी माझं बोलणं ऐकलं, आत गेले आणि एक वही घेऊन आले. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले. अनुक्रमांक, फाइलचे नाव, आकार, दिनांक, शेरा. निळ्या पेनाने, सदतीस ओळी.

म्हणाले, "यादी केल्याशिवाय नष्ट करता येत नाही."

मी विचारलं, आबा, काल का नाही दाखवलीत? तर म्हणाले, त्यात माझी सही आहे, ती सुनेच्या पुढे कशी धरू. मला हसावं की रडावं कळेना. आकाराच्या रकान्यात त्यांनी शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं उतरवलं होतं. आकाराने आकार लावत गेलं की झालं. मी बसले, प्रज्ञा माझ्या डाव्या हाताला, आबा उजव्या हाताला, वही माझ्या मांडीवर. पहिली फाइल जुळली, उघडली, आणि एक बाई खोकून म्हणाली, "सुरू झालं का गं?" प्रज्ञाने तोंडावर हात घेतला. मला इतकं हायसं वाटलं की मी उगाचच माऊस पुसत बसले.

एकोणतीस अशा सरळ जुळल्या. उरलेल्या आठ फाइलींचा आकार थोडा मागेपुढे झाला होता, एकेकीला चार-चार उमेदवार. तेव्हा मी पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना वाचला. "नातू मागे रडतो. दोनदा थांबली." "ही हसत बोलते, नवऱ्याचे सांगताना जास्त." "शेवटी भाकरी खाल्ली का विचारते." मी एक फाइल लावली, दहा सेकंद झाली नाहीत तोवर आबा म्हणाले, ही शेवंताबाई, काचेने हात कापला ती. दुसरी लावली, ही नव्हे, पुढची बघा. ते आवाजावरून ओळखत होते. सगळ्याच्या सगळ्या.

प्रज्ञाने वही माझ्या मांडीवरून ओढून घेतली. पहिल्या ओळीपासून शेरे वाचत गेली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यांना विचारा, हे ऐकलं कधी?"

आबाही मलाच सांगत होते. दुपारी. ती कॉलेजात असायची तेव्हा, मुलगा आत झोपलेला. एकदा चुकून एक उघडली, बोलणं आपल्या बाजूचं वाटलं. मग अशा दर दुपारी एक ऐकायला लागले. घरात दुपारी कोणी बोलत नाही, बाई. आणि वर म्हणाले, नष्ट करायची वेळ आली तेव्हा पुन्हा सगळ्या ऐकल्या, कारण न वाचता कागद नष्ट करणारा कारकून मी नव्हतो.

या प्रबंधाला घरात आणि नातेवाइकांत कचऱ्याची पीएचडी म्हणायचे, हे प्रज्ञानेच मला एकदा हसत सांगितलं होतं. आबांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही, असंही म्हणाली होती. ती आता शेरे पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती.

रविवारी दुपारपर्यंत छत्तीस पूर्ण मिळाल्या. सदतिसावी तुटकी निघाली. गंगूबाईची, आणि गंगूबाई हयात नाही. अकरा मिनिटं बोलते आणि मग नुसती खरखर. तिच्या जागेवर काहीतरी नवं लिहिलं गेलं होतं, तिथे माझ्या विद्येचा उपयोग नव्हता. हे बोलणं कागदावरही उतरलेलं नव्हतं. आबांनी डोळे मिटले आणि पुढचं सांगायला सुरुवात केली. ढिगाऱ्यात तिला एक कंपासपेटी सापडली, कर्कटकाचं टोक मोडलेलं. धुऊन, उन्हात वाळवून मुलीला दिली. मुलीने दहावीचा भूमितीचा पेपर त्यावर दिला, आणि निकाल लागला तेव्हा पेटी परत आईला दिली, म्हणाली, आता तू ठेव. गंगूबाई म्हणते, मी त्यात तंबाखू ठेवते, पोरगी चिडते. आबा तिच्या लयीत सांगत होते आणि प्रज्ञा मान वर न करता लिहीत होती. एका ठिकाणी तिचं पेन थांबलं, आबाही थांबले, मग ती लिहायला लागल्यावर पुढे बोलले. प्रबंधात ते "ऐकणाऱ्याच्या आठवणीतून" असं लिहून गेलं आणि मान्यही झालं. पण आवाज गेला तो गेला. आजही हे लिहिताना मला त्याचं वाईट वाटतं.

आता गप्प राहणं मला जमेना. मी म्हटलं, आबा, प्रज्ञा, दोघांना एक सांगायचंय. आबांना पुसायचा हक्क देणारी खूण मी केली होती. प्रज्ञाने पासवर्डचं विचारलं तेव्हा मीच नको म्हटलं. ही चूक माझी आहे.

प्रज्ञाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ऐकवेल, आणि ऐकवायलाच हवं होतं. आबा मात्र चष्मा पुसत म्हणाले, "बाई, खूण तुमची, बोट माझं. निम्मी निम्मी घेऊ." वर हेही म्हणाले की कचेरीत असं कबूल करणारा एक साहेब मला छत्तीस वर्षांत भेटला नाही. मी तोंड धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये जाऊन आले.

मग नव्या डिस्कवर सगळं नीट लावलं. एक जादा प्रत कपाटात, आणि कपाटाला किल्ली. प्रज्ञाला विचारलं, आबांचं काय करू, पूर्ण बंद करू का? तिने मान हलवली. ऐकू दे, म्हणाली, पुसू नको देऊ. मी तशा खुणा केल्या, प्रज्ञासाठी पासवर्ड लावला आणि आबांना म्हटलं, या, आता तुम्ही एक फाइल पुसून दाखवा.

आबा खुर्चीसकट मागे सरले. नाही म्हणाले, पुन्हा हात लावणार नाही. मी म्हटलं, तुमच्या समोर खात्री झाल्याशिवाय मी घरी जाणार नाही, आणि माझे गुडघे दुखतायत. शेवटी बसले. पहिल्या फाइलवर बाण नेला, बटण दाबलं, आणि पडद्यावर चौकट आली. त्यांनी चष्मा वर करून अक्षर न् अक्षर वाचलं.

"यासाठी प्रज्ञाची परवानगी लागेल, असं लिहिलंय," ते मला म्हणाले. "तिला विचारा, देते का."

प्रज्ञा माझ्या मागे उभी होती. मला ओलांडून पुढे आली आणि त्यांच्या खुर्चीला हात लावून म्हणाली, "नाही देणार, आबा."

"नको देऊस," आबा म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.